आक्षेपार्ह वास आढळला नाही

ओथेल स्पेटला त्याच्या मुलीने मार्च महिन्यात घरातून नेऊन शार्लट शहरातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. बापाचं डोकं ठिकाणावर नाही याचा पुरावा म्हणून तिने पर्समधून एक कागद काढला. तो कोणा डॉक्टरचा नव्हता. तो हॅलिबर्ट काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, वास-तपासनीसाचा होता.

"आत्या, तूच वाच," रोझलिन म्हणाली आणि तिने तो कागद लुरीनच्या हातात ठेवला.

लुरीन म्हणजे ओथेलची धाकटी बहीण. भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पाइनी नेक वस्तीच्या त्याच रस्त्यावर राहणारी. एकसष्ट वर्षांची. घराच्या पुढच्या खोलीत गेली चौतीस वर्षं तिचं बायकांचे केस करायचं दुकान होतं. तिला कागद वाचायची गरज नव्हती. असले चौदा कागद तिच्या स्वतःच्या कपाटात होते. सगळ्यांच्या तळाशी एकच ओळ, एकाच वळणाच्या अक्षरात: आक्षेपार्ह वास आढळला नाही.

"बाबा खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबतात, जुलैमध्ये," रोझलिन बोटांवर मोजत सांगू लागली. "बाथरूममध्ये पंखा लावून तिथे बसून जेवतात. त्या डुकरांच्या फार्मच्या फाटकावर जाऊन ओरडून आले. म्हणे, डुकरांचा मैला माझ्या तोंडात येतो. मी दर रविवारी येते, आत्या. मला कधी काही आलं नाही. सरकारी माणसालाही आलं नाही. मग मी काय समजायचं?"

"रविवारी फार्मवरचा मैल्याचा फवारा बंद असतो म्हणून येत नाही तुला."

"आणि सरकारी माणूस? तो तर मंगळवारी आला होता."

हा प्रश्न लुरीनला झोंबला. ओथेल पायरीवर हॅट मांडीवर घेऊन बसला होता. आयुष्यभर तंबाखूची शेतं नांगरलेला, गावच्या चर्चमध्ये वीस वर्षं दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवणारा माणूस. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "लुरीन, मी खोटं बोलत नव्हतो ना गं?"

"नाही रे," ती म्हणाली. गाडी वळणाआड गेल्यावर तिने भावाच्या रिकाम्या घराकडे बघून इतक्या मोठ्याने शिवी हासडली, की समोरच्या अंगणातली शेजारीण अर्लीथा झाडू हातात धरून तशीच उभी राहिली.

रस्त्यापलीकडे पाइनच्या झाडांची एक रांग होती आणि त्या रांगेमागे बॉटमली फार्म. सहा लांबलचक शेडमध्ये चार हजार डुकरं. त्यांचा सगळा मैला मागच्या तळ्यात साठायचा आणि तळं भरत आलं की मोठ्या फवाऱ्याने शेतावर उडवला जायचा. वारा पूर्वेचा असला की त्याचे तुषार पाइनच्या शेंड्यांवरून या बाजूला यायचे. गाड्यांच्या काचांवर तपकिरी ठिपके पडायचे. वाळत घातलेली चादर पुन्हा धुवावी लागायची. सहा वर्षं हे चाललं होतं. वारा फिरला की दोन-दोन दिवस हवा स्वच्छ, पाइनची, मातीची. आणि मग अचानक, तोंडात घास असताना, तो भपकारा.

मुलगी बापाला घेऊन गेली त्याच्या नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तसंच झालं. अर्लीथा खुर्चीत बसलेली. तिच्या केसांना गोल वळणं द्यायची म्हणून लुरीनने बारीक रूळ गुंडाळले होते आणि त्यांवर पर्मचं औषध लावत होती. तेवढ्यात खिडकीतून ते आलं. कुजलेली अंडी, अमोनिया आणि त्याखाली काहीतरी गोडसर.

"अगं बाई, लाव ती खिडकी," अर्लीथा नाकाला टॉवेल लावून म्हणाली. "तुझ्या औषधाचा वास परवडला."

लुरीनने आधी फोन उचलला, मग खिडकी लावली. पंधरावी तक्रार.

तपासनीस यायला तासभर लागला. मिस्टर कोल्सन पंचेचाळिशीचा, गोरा, ढिल्या खांद्यांचा माणूस होता आणि स्वभावाने वाईट नव्हता. लुरीनला त्याचा राग येत असे तो त्यामुळेच. तो उर्मट असता तर सोपं गेलं असतं. त्याने नेहमीप्रमाणे गाडीतून आपली नळी काढली. नाकाला लावायचं एक प्लास्टिकचं यंत्र, ज्यातून आधी कोळशाने गाळलेली स्वच्छ हवा येते आणि मग चकती फिरवत बाहेरची हवा थोडी थोडी मिसळता येते. कुंपणाशी उभं राहून त्याने चकती फिरवली, हुंगलं, पुन्हा फिरवली, मान हलवली.

"मिस लुरीन, काही सापडत नाही मला."

"आत या," ती म्हणाली. "फॉर्म बसून भरा."

दारातून आत पाऊल टाकताच त्याने नाक मुरडलं. "बाप रे. हे काय आहे?"

"पर्मचं औषध. बसा तुम्ही. कॉफी देते."

तो भिंतीजवळच्या टेबलाशी बसला आणि लिहू लागला. लिहिता लिहिता समजुतीच्या सुरात बोलू लागला. "मॅडम, रागावू नका. पण असं होतं कधीकधी. माणसाने एकदा मनात घेतलं की वास नसतानाही येतो. आणि खरंच इतका उग्र असता ना, तर सहा वर्षांत तुम्हा लोकांना सवय झाली असती. कुठल्याही गोष्टीची सवय होते."

अर्लीथाने आरशातून लुरीनकडे पाहिलं. लुरीनच्या हातातला कंगवा थांबला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, अर्लीथाचे आणखी चार रूळ सोडवले, ते धुतले आणि मग म्हणाली, "मिस्टर कोल्सन, एक सांगा. आता या खोलीत कसला वास येतोय?"

त्याने मान वर करून हुंगलं. "कॉफीचा. बाकी काही नाही."

"नीट घ्या."

"नाही. काही नाही."

"तुमच्या कोपराजवळ काय आहे बघा."

कोपरापासून वीतभर अंतरावर पर्मच्या औषधाचं भांडं उघडं होतं. तो आला तेव्हाही तिथेच होतं. कोल्सन भांड्याकडे बघत राहिला. मग त्याने वाकून थेट भांड्यात नाक घातलं आणि झटक्यात मागे सरला.

"ते गेलं होतं," तो पुटपुटला. "येताना तर..."

"ते कुठे गेलं नव्हतं. तुमचं नाक गेलं होतं," लुरीन म्हणाली. आता तिचा आवाज चढू लागला. "मी केस करायचं शिकायला गेले ना, त्या शाळेत पहिल्या आठवड्यात मिसेस टॅटम आम्हाला सांगायच्या. पोरींनो, नाकातल्या पेशी नवं काही आलं की ओरडतात. तेच ते येत राहिलं की दहा मिनिटांत गप्प बसतात. म्हणून दर पाव तासाने बाहेर जाऊन या, नाहीतर गिऱ्हाइकाचे केस करपले तरी कळायचं नाही तुम्हाला. चौतीस वर्षं मी दर पाव तासाने त्या मागच्या पायरीवर जाते. आता मला सांगा, इथे येण्याआधी तुम्ही कुठे होता?"

"फार्मच्या ऑफिसात. सही करावी लागते."

"किती वेळ?"

तो लाजला. "अर्धा तास. चाळीस मिनिटं असेल. ते... सॉसेज-बिस्किट देतात. गरम, मांस भरलेला पाव."

अर्लीथा खुर्चीत फस्सकन हसली. "ऐकलंस? जेवून येतो गं हा तिथे!"

लुरीन मात्र हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "चाळीस मिनिटं तुम्ही चार हजार डुकरांच्या शेजारी बसता. नाक भरून घेता. मग माझ्या कुंपणाशी येऊन सांगता, वास नाही! माझं औषध तुम्हाला नवं होतं म्हणून दारातच आलं. डुकरांचा वास तुम्ही आधीच पोटभर पिऊन आला होता. पंधरा वेळा!"

"पण मग तुम्हालाही सवय..."

"आम्हाला कशी होईल? वारा फिरला की आमची हवा स्वच्छ होते. दोन दिवसांनी पुन्हा येतं ते, नव्याने येतं. नाक पुन्हा जागं झालेलं असतं. आणि डोळे चुरचुरतात त्याचं काय? घसा जळतो त्याचं काय? केस सरळ करायचं मलम लावते ना मी, त्याच्या वासाची सवय होते बायकांना. पण ते टाळूला लागलं की किंचाळतात, आणि जितका वेळ ठेवाल तितक्या जास्त किंचाळतात. जळण्याची सवय होत नाही, मिस्टर कोल्सन. देवाने ती ठेवलेलीच नाही." तिने दाराबाहेर बोट केलं. "ते घर बघा. माझा भाऊ राहायचा तिथे. तुमचा कागद दाखवून त्याच्या मुलीने त्याला वेडा ठरवला."

कोल्सनने पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, "नियम आहे, मॅडम. आधी फार्मवर सही, मग तपासणी. मी नोकर माणूस."

"कोणी केला नियम?"

"काउंटीच्या मंडळाने."

"लेखी आहे?"

"असणारच," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा सांगत होता की त्याने तो कधी वाचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी लुरीनने दुकानाला कुलूप लावलं, चर्चला जायचा निळा कोट चढवला आणि काउंटीच्या कचेरीत गेली. खिडकीमागच्या मुलीने तिला तीन वेळा वेगवेगळ्या खोल्यांत पाठवलं. चौथ्या वेळी लुरीन खुर्ची ओढून तिथेच बसली. "मला कागद मिळेपर्यंत इथेच आहे," ती म्हणाली. "डबा आणलाय." दुपारी अडीचला तिला दोन पानांची नक्कल मिळाली. ती तिने जिन्यावर उभ्या उभ्या वाचली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिने चौथ्या कलमाखाली नखाने रेघ ओढली.

मंडळाची बैठक पुढच्या सोमवारी सकाळी दहाला होती. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं. लुरीनबरोबर अर्लीथा आणि पाइनी नेकच्या आणखी अकरा बायका आल्या. सगळ्यांचे केस लुरीननेच केलेले, त्यामुळे मागच्या रांगा एखाद्या लग्नासारख्या दिसत होत्या. समोर पाच सभासद. मधोमध अध्यक्ष मिस्टर व्हिटली, ट्रॅक्टरचा व्यापारी. एका बाजूला फार्मचा मॅनेजर आणि त्यांचा वकील. कोल्सन भिंतीला टेकून उभा.

"बोला मॅडम. तुमची तीन मिनिटं सुरू," व्हिटली म्हणाला.

"मला बोलायचं नाहीये," लुरीन म्हणाली. "तुम्ही एक वाचून दाखवा. पान दुसरं, कलम चौथं." तिने कागद पुढे सरकवला.

"तुम्हीच वाचा ना."

"मी वाचलं तर तुम्ही म्हणाल, ही तिची समजूत. तुमचा नियम, तुम्ही वाचा."

व्हिटलीने चष्मा लावला. "तपासनीसाने फार्मच्या फाटकातून आत प्रवेश करण्यापूर्वी कार्यालयात नोंद करून सही करावी, जेणेकरून जनावरांना बाहेरील रोगाचा संसर्ग होणार नाही."

"पुन्हा वाचा."

"मॅडम, वेळ जातोय तुमचा."

"माझाच जातोय ना? वाचा."

त्याने वाचलं. या वेळी हळू.

"वास कुठून घ्यायचा असतो?" लुरीनने विचारलं. "तक्रार करणाऱ्याच्या कुंपणाशी. माझ्या कुंपणाशी! मग या माणसाला फाटकाच्या आत जायचं कारण काय? नियम म्हणतो, आत गेलात तर सही करा. आत जाच, असं कुठे म्हटलंय? दाखवा मला." तिने वकिलाकडे वळून पाहिलं. "तुम्ही दाखवा."

वकिलाने कागद मागितला, वाचला आणि परत ठेवला. "ती एक चालत आलेली पद्धत आहे," तो म्हणाला.

"पद्धत!" लुरीनचा आवाज फुटला. "सहा वर्षं नियमाच्या नावाखाली चाललं हे. नियम नव्हताच! यांच्या ऑफिसातली गरम बिस्किटं होती. त्या बिस्किटांपायी पंधरा वेळा आम्हाला खोटं ठरवलंत. माझ्या भावाने आपल्या घरात टॉवेल कोंबले म्हणून तो वेडा, आणि तुमचा माणूस उकिरड्यात बसून येऊन वास नाही लिहितो, तो शहाणा?"

तीन मिनिटं संपल्याची घंटी वाजली.

"वाजवा," अर्लीथा मागून ओरडली. "आमच्याकडे आणखी बारा जणी आहेत. प्रत्येकीची तीन मिनिटं!"

त्या बाराही जणींनी आपापली तीन मिनिटं घेतली. कोणी नातवाच्या दम्याबद्दल बोलली, कोणी नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या अंगणात मांडलेल्या पंगतीबद्दल, जिथून पाहुणे ताटं झाकून निघून गेले होते. एकजण तर फक्त व्हिटलीकडे बघत तीन मिनिटं गप्प उभी राहिली. शेवटी अध्यक्षांनी भिंतीपाशी उभ्या असलेल्या कोल्सनला विचारलं, "थेट तक्रारदाराकडे जायला तुमची काही अडचण?"

"नाही सर," कोल्सन म्हणाला. मग घसा खाकरून, कोणी विचारलं नसताना म्हणाला, "मी आधीच जायला हवं होतं."

पुढच्या गुरुवारी वारा पूर्वेचा होता. लुरीनने सकाळी आठला फोन केला. कोल्सन शहरातून गाडीच्या काचा बंद करून निघाला, मधे कुठे थांबला नाही आणि तिच्या अंगणात येऊन त्याने दार उघडलं.

उघडलं आणि एक पाय बाहेर टाकलेला असताना तो तसाच बसून राहिला. त्याचा चेहरा आक्रसला. हात तोंडावर गेला. मग उतरून तो कुंपणाशी गेला, पण नळी नाकाला लावायच्या आधीच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. चकती त्याने सगळ्यात जास्त स्वच्छ हवेच्या खुणेवर लावली, जिथे बाहेरच्या हवेचा जेमतेम एक अंश आत येतो. तरी त्याची मान मागे झटकली गेली. तो झुडपाआड गेला आणि लुरीनला त्याच्या ओकण्याचा आवाज आला.

परत आला तेव्हा तो पांढराफटक पडला होता. "हे... असंच असतं?"

"आज जरा कमी आहे," लुरीन म्हणाली.

त्याने फॉर्म भरला. 'अतितीव्र' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. लुरीन शेजारी उभी राहून बघत होती. त्याला वाटलं असावं ती काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "आता इथेच उभे राहा. पंधरा मिनिटं."

"का?"

"राहा म्हणते ना."

तो राहिला. पंधरा मिनिटांनी त्याने पुन्हा नळी लावली आणि वास यायला चकती कितीतरी घरं फिरवून बाहेरची हवा वाढवावी लागली. वास तोच होता, वारा तोच होता, फवारा चालूच होता. त्याने फॉर्मवर तेही लिहिलं, वेळेसकट.

मे महिन्यात मंडळाने हुकूम काढला: वारा वस्तीकडे असताना फवारा चालवायचा नाही, आणि तो पाइनच्या रांगेपासून हजार फूट मागे न्यायचा. फार्मने कुरकुर केली, पण नेला. वास पूर्ण गेला नाही. पण पाइनी नेकच्या बायका पुन्हा दोऱ्यांवर कपडे घालू लागल्या.

लुरीनने नव्या अहवालाची नक्कल घेतली आणि बसने शार्लटला रोझलिनच्या घरी गेली. रोझलिनने तो स्वयंपाकघरात उभं राहून वाचला.

"आत्या, मला काय माहीत होतं?" ती रडू लागली. "सरकारचा शिक्का होता त्यावर."

"शिक्क्यावर विश्वास ठेवलास आणि बापावर नाही. रड. थोडी रडच," लुरीन म्हणाली. मग तिने भाचीला जवळ घेतलं. "चल, आधी त्याला घेऊन येऊ."

ओथेल वृद्धाश्रमाच्या अंगणात बसला होता. त्याने अहवाल दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मुलीला विचारलं, "म्हणजे मी शहाणा?"

"हो, बाबा."

"कागद यायची वाट बघत होतो मी," तो म्हणाला, आणि गाडी पाइनी नेकला पोचली तरी मुलीशी एक शब्द बोलला नाही. दोन आठवड्यांनी बोलू लागला.

इथे हे संपायला हवं होतं. अर्लीथाही तेच म्हणत होती. पण कपाटातले ते पंधरा कागद लुरीनला झोपू देईनात. त्यांवर अजून तेच वाक्य होतं. उद्या कोणी काउंटीचं दप्तर उघडलं तर सहा वर्षं पाइनी नेकचे लोक उगाच बोंबलत होते असंच दिसणार. तिने मंडळाला पत्र लिहिलं: ते पंधरा अहवाल रद्द करा.

उत्तर जूनच्या अखेरीस आलं. दुकान भरलेलं होतं. तिने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "जुने अहवाल बदलता येणार नाहीत. तपासनीसास त्या वेळी वास आला नव्हता ही वस्तुस्थिती असून, अहवालात तीच प्रामाणिकपणे नोंदवलेली आहे."

बायका पोट धरून हसल्या. "प्रामाणिकपणे!" अर्लीथा ड्रायरखालून ओरडली. "बिस्किटं खाऊन प्रामाणिकपणे!"

लुरीनच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिने हात पुसले, खुर्चीतल्या बाईला म्हणाली, "जळजळलं की लगेच सांग, लाजू नकोस," आणि टेबलाशी बसून कोरा कागद पुढे ओढला. वर तारीख घातली. मग पेन इतकं दाबून लिहायला सुरुवात केली की अक्षरं खालच्या पानावर उमटली.

"काय लिहितेयस?" अर्लीथाने विचारलं.

"लिहितेय की मग त्या प्रत्येक अहवालावर हेही प्रामाणिकपणे लिहा," लुरीन मान वर न करता म्हणाली, "की त्या वेळी तो माणूस कुठून उठून आला होता."